जुनं आगर, नवं घर : जंगल झालेल्या परड्याचं काय करू?

आगरवाट | १९ नोव्हेंबर २०२३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, गरज पडली तेव्हा धागा काढतोय. स्वार्थी आहे, कबूल.

दापोली तालुक्यात समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर आमचं गावचं घर. घर आणि आगर मिळून एकोणीस गुंठे. वरचा भाग जांभ्याचा, तिथे घर. मग पाच-सहा फुटांचा उतार आणि खाली पुळणीत (वाळूच्या जमिनीत) माड-पोफळीचं आगर, मध्ये विहीर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आजोबांचं कौलारू घर अर्धं बसलं. काका-काकू शेजारच्या स्लॅबच्या घरात गेले होते म्हणून वाचले. अठरा माड आणि साठ-सत्तर पोफळी एका दुपारी गेल्या. टाळेबंदी चालूच होती, मग काकांचं आजारपण, मग काका गेले. आगराकडे कोणी पाहिलंच नाही.

२०२२ मध्ये धाकट्या भावानं जुनं सगळं उतरवून नवं घर बांधलं. सपाट स्लॅब, प्लास्टर न केलेल्या राखाडी भिंती, पश्चिमेला बारा फुटांची काच. घर मला मनापासून आवडतं. गावात त्याला 'बँक' म्हणतात.

काचेतून दिसतं काय, तर हिरवी भिंत. माड पडून ऊन आत आलं आणि रानमोडी, घाणेरी, शिंगोनियम, मनीप्लँट यांनी तीन पावसाळ्यांत ताबा घेतला. मनीप्लँट जुन्या रायवळ आंब्यावर चढलाय, पानं सुपाएवढी झालीत. विहीर कुठे आहे ते काठीनं चाचपून शोधावं लागतं. उतारावरची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, गायब.

पुण्याहून एक डिझायनर आणला होता. त्यानं जेसीबीनं सगळं साफ, मातीची भर टाकून एक पातळी, त्यावर मेक्सिकन लॉन, कडेनं फॉक्सटेल पाम आणि पांढरे गोटे असा आराखडा दिला. साडेसात लाख. भाऊ निम्मा तयार आहे. ८१ वर्षांच्या काकूनं आराखडा बघून एवढंच विचारलं, "आणि मी कपडे कुठे वाळत घालू?"

नव्या घराला शोभेल अशी बाग हवी, पण हॉटेल नको. कुठून सुरुवात करू?

चहाबिस्कीट | १९ नोव्हेंबर २०२३

फोटोशिवाय धागा म्हणजे खोबऱ्याशिवाय मोदक. टाका लवकर.

सडाफटिंग | १९ नोव्हेंबर २०२३

माझे दोन पैसे. वर्षातून वीस दिवस जाणार असाल तर बागबिग विसरा. घराभोवती दहा फूट पेव्हर ब्लॉक, बाकी आगर कुणाला तरी खंडाने द्या. मी गुहागरला हेच केलं. हौसेनं लॉन लावलं होतं, पहिल्या पावसाळ्यात चिखल, दुसऱ्यात लव्हाळा, तिसऱ्या वर्षी त्यावर गाडी लावायला लागलो.

उंदीरमारी | २० नोव्हेंबर २०२३

आगरवाट, बाकी चर्चा सावकाश करा, पण रानमोडी आत्ता काढा. ती नोव्हेंबरपासून फुलायला लागते, पुढे बी धरून वाऱ्यावर उडतं. फुलायच्या आत उपटलीत तर पुढच्या वर्षीचं निम्मं काम वाचेल. जमीन अजून ओलसर आहे, मुळासकट येते. जानेवारीत नुसती छाटलीत तर चौपट फुटेल.

मनीप्लँट ओढून काढायचा नाही. आंब्याची सालही बरोबर येते. बुंध्याशी कमरेच्या उंचीवर वेल सगळीकडून कापा आणि महिनाभर वर तसाच वाळू द्या, मग ओढा. कापलेले तुकडे आगरात टाकू नका, प्रत्येक पेराला मूळ फुटतं. पोत्यात भरून उन्हात वाळवायचे. शिंगोनियमचंही तेच.

आणि जेसीबी? पुळणीत जेसीबी फिरवला की वरची काळी माती, जी तुमच्या आजोबांनी पन्नास वर्षं पालापाचोळा आणि शेणखत घालून केली असेल, ती एका दिवसात खाली दाबली जाते. उरलेल्या माडांची मुळंही तिथेच वरच्या थरात पसरलेली असतात. गडी लावा, कोयती आणि फावडं. वेळ लागेल.

अजून एक. तोडायचं ठरवाल त्या झाडांची यादी आधी करा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. 'आमचंच झाड आहे' म्हणून करवत चालवू नका.

माहेरवाशीण | २० नोव्हेंबर २०२३

साफसफाईला गडी उतरवाल तेव्हा सगळ्यांच्या पायात गमबूट हवेत. जांभ्याचे चिरे ढासळून रचलेल्यासारखे पडले असतील तर त्यांच्या फटीत फुरसं असतंच असं समजून चाला. आधी लांब काठीनं झोडपायचं, मग हात घालायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस आहे का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. माझ्या चुलतभावाला गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कामातच चावलं होतं. वाचला, पण महिना गेला.

काकूंचा प्रश्न मात्र मला फार पटला. त्यावर सवडीनं लिहिते.

चिरा_आणि_चुना | २१ नोव्हेंबर २०२३

मी आर्किटेक्ट, कुडाळला काम करतो. फोटो पाहिले (चहाबिस्कीट, आगरवाट यांनी ते नंतर वेगळे टाकलेत). घर चांगलं आहे. पण तुम्ही प्रश्न झाडांचा विचारताय आणि मला फोटोत दिसतंय पाणी. त्याबद्दल आधी.

जुन्या घराच्या चारी बाजूंना पावळी होती, म्हणजे कौलांचं पाणी खाली पडायची ओळ. पाऊस कौलांवरून पडायचा तो घराच्या पूर्ण लांबीभर, धार-धार वाटला जाऊन. नव्या स्लॅबला कठडा आहे आणि चार कोपऱ्यांत चार पाइप. स्लॅब दीड हजार चौरस फूट, म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटर धरला तरी सव्वाचार लाख लिटरच्या आसपास. एका दिवसात २०० मिमी झाला तर अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे एकेका पाइपातून सात हजार. पश्चिमेच्या दोन पाइपांखालची माती वाहून खड्डे झालेत ते फोटोत दिसतंय. त्यावर लॉन अंथरलं असतं तर पहिल्या जुलैतच खाली आगरात गेलं असतं, साडेसात लाखांसकट.

म्हणून पहिला खर्च चराचा. पाइपाखाली दगडी दोण नाहीतर मोठे गोटे, तिथून दगड भरलेला चर, उतारावरून तिरका नेऊन आगरात. पुळण पाणी पिते. जांभ्यावर ते साचू द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट काचेची. काच पश्चिमेला आहे आणि तिच्या समोर, थोडा डावीकडे, तो रायवळ. भावाला उजेडासाठी तो काढायचा असेल, बरोबर ना? मार्चमध्ये दुपारी तीन ते साडेपाच काचेमागे खुर्ची टाकून बसा म्हणावं. त्या आंब्याची सावली गेली तर दोन एसी लावावे लागतील आणि पडदा कायम ओढलेला राहील. मग बाग कोणाला दिसणार?

तिसरी गोष्ट. बागेचा आराखडा कागदावर काढू नका, खिडक्यांतून काढा. घरात जिथे जिथे माणूस बसतो किंवा उभा राहतो, जेवणाचं टेबल, ओटा, काकूंची पलंगाची कड, तिथून फोटो घ्या. प्रत्येक फोटोत एकच गोष्ट ठरवायची : इथून काय दिसायला हवं. विहीर, लांबचं आकाश, येणारा माणूस. मग त्याच्या आड येणारं तेवढंच काढायचं. श्रीलंकेत बेंटोटाजवळ जेफ्री बावा यांनी १९४८ मध्ये रबराचा मळा घेतला, लुनुगंगा नाव, आणि २००३ मध्ये जाईपर्यंत त्यात काम करत राहिले. झाडं लावली तशीच काढलीही भरपूर. समोर टेकाडाचा माथा आड येत होता तो उतरवून नजर पलीकडच्या स्तूपापर्यंत नेली. चाफ्याच्या फांद्यांना वजनं टांगून त्यांना हवा तसा बाक आणला. ते आपल्याला झेपणारं नाही, पण आधी मोकळं करणं झेपेल.

आधुनिक घराशी बाग जुळवायची म्हणजे काळे गोटे आणि फॉक्सटेल पाम असा समज आहे. तुमच्या घराचं मुख्य लक्षण सरळ रेषा. तेव्हा घराजवळ एक-दोन सरळ रेषा ठेवा, एक पाखाडी, एक बसका गडगा, एका जातीच्या झुडपांची एक ओळ. उताराखाली मात्र आगराला आगरासारखं राहू द्या. सिमेंटच्या राखाडी भिंतीसमोर जांभ्याचा लाल चिरा काय दिसतो ते एकदा पावसात बघा.

चहाबिस्कीट | २१ नोव्हेंबर २०२३

वाखूसा (वाचनखूण साठवली). एसीचा मुद्दा माझ्या नवऱ्याला वाचून दाखवला, आमचा बदाम वाचला.

सडाफटिंग | २१ नोव्हेंबर २०२३

बावांकडे गडी किती होते तेही सांगा.

चिरा_आणि_चुना | २१ नोव्हेंबर २०२३

भरपूर. मुद्दा मान्य. म्हणूनच लावण्यापेक्षा काढण्यावर भर देतोय.

माहेरवाशीण | २२ नोव्हेंबर २०२३

आता काकूंच्या कपड्यांबद्दल. आमच्या माहेरी भावानं असंच नवं घर बांधलं, बाग मुंबईहून कोणी येऊन केली. सुंदर झाली. वाळवणाला जागा नाही! आमसुलं, साठं, फणसाचे पापड, कुळीथ, सुपारी, हे सगळं एप्रिल-मेमध्ये कुठे घालायचं? वहिनी गच्चीवर नेते, गुडघे धरून. नारळ सोलायचा सूळ कुठे रोवायचा, झावळ्या कुठे रचायच्या, बंबाचं लाकूड कुठे? आराखड्यात 'आउटडोअर सिटिंग' होतं, तिथे गेल्या चार वर्षांत कोणी बसलेलं मी बघितलं नाही, डास फोडून काढतात.

तेव्हा आधी काकूंना विचारा, त्या दिवसभरात घराबाहेर किती वेळा आणि कशासाठी जातात. स्वयंपाकघराच्या दारापासून तुळस किती पावलं, पूजेची फुलं कुठली, गवती चहा हाताशी आहे का. त्या पावलांवर वाट काढा. पूर्व-दक्षिणेला ऊन मिळेल तिथे खळं ठेवा, चोपलेलं, सपाट, मोकळं. नव्या घराला ते मोकळेपण शोभेल, आणि गणपतीत पोरं नाचतील कुठे नाहीतर?

वाटेला गुळगुळीत फरशी बसवू नका. आमच्या त्या मुंबईवाल्यांनी पॉलिशचा ग्रॅनाइट घातला. जुलैत त्यावर शेवाळ, आई पडली, खुबा मोडला. जांभ्यालाही शेवाळ धरतं, पण खरखरीत असतो. खराटा आणि ब्लीचिंग पावडर मारली की भागतं.

न्यूजर्सीकर | २२ नोव्हेंबर २०२३

आमच्या सोसायटीत गवत ठरावीक इंचांवर वाढलं तर पत्र येतं. दर शनिवारी यंत्र ढकलतो. १९ गुंठ्यांत लॉन लावायचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी माझ्याकडे एक उन्हाळा राहायला यावं.

आगरवाट | २३ नोव्हेंबर २०२३

सगळ्यांचे आभार. चिरा_आणि_चुना, भावाला तुमचा प्रतिसाद पाठवला. तो इंजिनियर आहे, त्याला सव्वाचार लाख लिटर एकदम पटले, बाकीचं 'कविता' म्हणाला. डिझायनरला नाही कळवलंय.

रानमोडीला उद्यापासून चार गडी लावतोय.

उंदीरमारी, मागे तीन हापूस आहेत, चाळीसेक वर्षांचे, उंच सुटलेत, आंबा वरच लागतो आणि वानर खातात. आणि रायवळाचीही छाटणी करायची का?

उंदीरमारी | २४ नोव्हेंबर २०२३

हापूसचं पुनरुज्जीवन करता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच काळ. वरून साधारण एक तृतीयांश उंची कमी करायची, मधली सरळ वर गेलेली फांदी काढून आत ऊन जाईल असं करायचं. तीनही एकदम करू नका, यंदा एक करा. कापलेल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवा, लोखंडी भांडं नको. पेस्ट लावायचा कंटाळा केलात तर खोडकिडा शिरतो आणि झाडच जातं. आणि पुढची दोन वर्षं त्या झाडाच्या आंब्याची आशा सोडायची.

रायवळाला हे काही करू नका. तो तुम्हाला सावलीसाठी हवाय. त्यावरची बांडगुळं काढा, फांदीसकट, बांडगूळ बसलंय त्याच्या वीतभर खालून. वाळलेलं काढा. बस.

खाली आगरात पडलेल्या माडांच्या जागा भरताना घाई नको. माडाला माडापासून साडेसात मीटर लागतात, पोफळीला पोफळीपासून २.७ मीटर. वादळाआधी तुमच्याकडे दाटी असणार, सगळ्यांकडेच असते. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं 'लाखी बाग' म्हणून पद्धत दिली आहे, माडांमध्ये जायफळ, दालचिनी आणि माडावर मिरी. जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात, रोपाऐवजी कलम घ्या. कोकमाचंही तसंच. 'कोकण अमृता', 'कोकण हातिस' ही दापोली विद्यापीठाची कोकमं चांगली.

आणि आता चिरा_आणि_चुना यांच्या प्रांतात जरा घुसतो. तुम्हाला घराजवळ एका रेषेत, वर्षभर हिरवं, निमुळतं झाड हवं असेल तर फॉक्सटेलपेक्षा कोकम लावा. आपोआप शंकूसारखं वाढतं, छाटावं लागत नाही, नवी पालवी लालसर येते, आणि आमसुलं मिळतात.

चिरा_आणि_चुना | २४ नोव्हेंबर २०२३

घुसा खुशाल. हे मला सुचायला हवं होतं.

आगरवाट | २८ जानेवारी २०२४

दोन महिने गायब होतो. दर शनिवार-रविवार तिकडेच. सांगण्यासारखं बरंच आहे, पण एक गोष्ट आधी.

काचेसमोर आठ-नऊ फुटांवर शिंगोनियमची गादी होती, गुडघाभर. तिथे गडी कोयती चालवत होते तेव्हा एकाची कोयती खणकन वाजली. खाली दगड. मला वाटलं जुन्या घराचं जोतं. माती झाडून काढत गेलो तर चिऱ्यांची एकेरी पट्टी, सरळ, सदतीस फूट लांब. आणि प्रत्येक वीतभर अंतरावर चिऱ्यात एक खळगा. काही वाटीएवढे, काही नुसते अंगठ्याएवढे. मी मूर्खासारखा बघत बसलो. काकू काठी टेकत आली, वाकली, एका खळग्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "अरे, ही पावळी. कौलाच्या प्रत्येक नळीखाली एकेक. हा मोठा आहे ना, इथलं कौल फुटकं होतं, धार जास्त पडायची. तुझ्या काकांना दहा वर्षं सांगत होते बदला म्हणून."

भाऊ नवं घर बांधताना मागे सरकला होता, त्यामुळे जुन्या पावळीची ओळ आता काचेच्या पुढे मोकळ्यात आली आहे. मी म्हटलं हीच आपली वाट. भाऊ टेप घेऊन आला. मोजलं तर पट्टी घराला समांतर नाही. उत्तरेला काचेपासून ८ फूट, दक्षिणेला ९ फूट ३ इंच. त्याचं म्हणणं, सगळे चिरे उचलू, नंबर घालू आणि घराला समांतर पुन्हा बसवू, नाहीतर कायम डोळ्यात खुपणार. माझं मन होत नाही. घरात दोन आठवडे याच्यावर वाद चालू आहे, बायका वेगळ्या, पोरं वेगळी. मत द्या.

सडाफटिंग | २८ जानेवारी २०२४

उचला. लोकांना वाटेल गवंडी प्यायला होता.

माहेरवाशीण | २८ जानेवारी २०२४

हात लावू नका!! डोळ्यांत पाणी आलं वाचून. त्या फुटक्या कौलाच्या खळग्याला तर मुळीच नका.

चिरा_आणि_चुना | २९ जानेवारी २०२४

मी सरळ रेषांचा माणूस, तरी सांगतो, उचलू नका. भावाला पटेल असं कारण देतो. ते चिरे साठ वर्षं बसलेत. उचलताना निम्मे तुटणार, जांभा जुना झाला की कडा सुटतात. आणि सदतीस फुटांत सव्वा फुटाचा फरक म्हणजे दोन अंशांच्या आसपास. इतका तिरकेपणा चूक वाटतो कारण तो थोडा आहे आणि त्याला कारण दिसत नाही. ते दिसू द्या. पट्टी आणि काच यांच्यामध्ये काहीही लावू नका, नुसती बारीक खडी. मग ती वेगळी, जुनी वस्तू आहे हे सरळ कळतं. झुडपांच्या ओळीनं ती लपवायला गेलात की खरंच खुपेल.

आणि चर त्याच पट्टीच्या बाहेरच्या बाजूनं न्या. पाणी पूर्वी जिथून जात होतं तिथूनच जाईल.

चहाबिस्कीट | २९ जानेवारी २०२४

फोटो!! या वेळी नाही टाकलात तर मी स्वतः दापोलीला येईन.

आगरवाट | २ फेब्रुवारी २०२४

टाकलेत. भाऊ 'साठ वर्षं बसलेत' यावर गप्प झाला. पट्टी राहतेय.

बाकीचं थोडक्यात. विहीर सापडली, काठ शाबूत आहे, दोणही. पाखाडीच्या अकरा पायऱ्यांपैकी आठ जागेवर होत्या. उपटलेल्या रानमोडीचा ढीग घराएवढा झाला, पेटवायचा मोह झाला होता, काकूनं माडांच्या आळ्यांत दाबायला लावला. दोन फुरशी निघाली, गमबुटांचे आभार. जेवणाच्या टेबलावरून विहीर दिसावी म्हणून एक गिरीपुष्प आणि दोन सुकलेल्या पोफळी काढल्या, एवढंच. लॉन रद्द. दक्षिणेला खळं चोपून घेतलं, काकूची दोरी तिथे लागली आहे.

न्यूजर्सीकर | ३ फेब्रुवारी २०२४

दिवे कसले लावताय? गेल्या मे महिन्यात माझ्या गावी शेजाऱ्यानं झाडांखाली पांढरे फ्लडलाइट लावले, आमच्या बाजूचे काजवे कमी झाले असं आई म्हणते.

चिरा_आणि_चुना | ३ फेब्रुवारी २०२४

आई बरोबर सांगतायत. काजव्याची चमक म्हणजे नर-मादीचा संवाद, उजेडात तो दिसतच नाही. पाखाडीला गुडघ्याखाली, पिवळे, खाली तोंड केलेले चार दिवे पुरेत, आणि त्यांचं बटण घरात ठेवा. झाडांवर दिवे नकोत.

आगरवाट | १४ जुलै २०२४

पहिल्या मोठ्या पावसाचा हिशेब द्यायला आलोय.

गेल्या रविवारी पहाटेपासून जो लागला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. भाऊ छत्री घेऊन पाइपाशी उभा होता, परीक्षेचा निकाल बघावा तसा. दक्षिणेकडचा चर उत्तम चालला. उत्तरेकडचा नाही. आम्ही तो फूटभर रुंद ठेवला होता आणि वळणावर काटकोन केला होता (भावाच्या सरळ रेषा!). पाणी काटकोनात वळलंच नाही, सरळ उडी मारून नव्या अबोलीच्या ओळीवरून गेलं. अबोली, खडी, दोन कोकमांची माती, सगळं पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर. चिरा_आणि_चुना, तुम्ही 'तिरका' लिहिलं होतं, तेव्हा आम्ही नीट वाचलं नव्हतं.

काकू ओटीवरून बघत होती. म्हणाली, "चरात सोडणं टाका." मागे नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सोललेल्या सालींचा, ढीग होताच. भर पावसात दोघांनी चाळीस-पन्नास सोडणं पालथी, एकमेकांत अडकवून वळणावर दाबली. पाण्याचा जोर तिथल्या तिथे मोडला, फेस येऊन हळूहळू वळायला लागलं. भाऊ ओलाचिंब, मला म्हणाला, "हे कुठल्या पुस्तकात नाही रे." ऑक्टोबरमध्ये काटकोन काढून वळण गोल करणार आहोत, तोवर सोडणांवर भिस्त.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा काचेमागे चहा घेत बसलो होतो. पावळीच्या खळग्यांत पाणी साचलं होतं, सदतीस फूट ओळीनं, आणि प्रत्येकात वरच्या राखाडी भिंतीचा एकेक तुकडा दिसत होता. काकूला ते पाणी नको. डास होतील म्हणून ती रोज सकाळी खराट्यानं एकेक खळगा कोरडा करते. आम्ही सांगून बघितलं की आठ दिवसांच्या आत वाळलं तर अळ्या मोठ्या होत नाहीत. ऐकत नाही.

आता दोन प्रश्न. एक, हापूसला पालवी छान आली आहे पण एका कापावर बोर्डोची पेस्ट पावसात धुऊन गेली, पुन्हा आत्ता लावू की उघडीप बघून? दोन, काकूला स्वयंपाकघराच्या दाराशी अनंत हवा आहे, दुहेरी, वादळात गेला तसा. नर्सरीत मिळतो तो बुटका. दापोली-मंडणगडकडे कुणाकडे जुना आहे का? पावसात फांदी लागते म्हणतात. मी येऊन घेऊन जाईन.

उंदीरमारी | १४ जुलै २०२४

उघडीप बघा, कापलेली जागा कोरडी असताना लावा. ओल्यावर बसत नाही.

माहेरवाशीण | १५ जुलै २०२४

अनंत आमच्याकडे आहे, आंजर्ल्याला, विहिरीमागे. आईच्या हातचा. निरोपातून फोन नंबर पाठवते. येताना काकूंना घेऊन या, कुठली फांदी घ्यायची ते त्याच दाखवतील. आणि सोडणं किती दिवस टिकतात चरात, ते मलाही कळवा.